फेसलिफ्टसाठी थांबायचं का?

नव्या गाडीचा विषय निघाला, की तुमच्याही घरी कुणीतरी म्हणतंच ना, "थांबा, फेसलिफ्ट येतंय"? आमच्या रायपूरच्या घरात सध्या चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसवरून हेच चाललंय. जून २०२२ मध्ये आलेल्या या गाडीचं रूप आता बदलेल, असा अंदाज आहे. पण फेसलिफ्टमध्ये बहुधा दिवे, बंपर, स्क्रीन बदलतात. मूळ सांगाडा तोच राहतो. मला आवडलेलं १५० पीएसचं इंजिन, आईला हवी असलेली ५२१ लिटरची डिकी, बाबांना महत्त्वाचं वाटणारं ग्लोबल एनकॅपचं ५ स्टार रेटिंग आजच्या गाडीतही आहेच. नागपूरला ८६ वर्षांची आजी वाट बघतेय. म्हणून मी म्हटलं, दिवाळीआधीच घेऊ. तुम्हीही आधी बघा, तुम्हाला हवं तेच बदलणार आहे का?