आई-वडिलांना आत्ताच विचारा

टोरोंटो-मिसिसागा भागात पन्नास वर्षांपूर्वी आलेली मराठी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. गणेशोत्सवात पूर्वी मुलांच्या शाळा आणि घरांच्या किमतींवर बोलणं व्हायचं. आता कोपऱ्यात कुणीतरी हळूच विचारतं, 'तुमच्या आईंचं नाव कुठे लावलंत?' आवाज खाली येतो, कारण 'वृद्धाश्रमात टाकलं' हे वाक्य आपल्या मनातून अजून गेलेलं नाही. पण ज्यांना रात्री कूस बदलून द्यावी लागते, ज्यांना घास गिळायचं भान राहत नाही, त्यांना नोकरी करणारी दोन माणसं घरी सांभाळू शकत नाहीत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि या लाजेपायी आपण उशीर करतो.

हा उशीर इथे फार महाग पडतो. ओंटारियोत लाँग-टर्म केअर होममध्ये थेट जाऊन जागा मिळत नाही. 'ओंटारियो हेल्थ अ‍ॅटहोम' या सरकारी संस्थेतर्फे माणसाची पाहणी होते, पात्रता ठरते, मग आपण जास्तीत जास्त पाच ठिकाणं निवडायची आणि थांबायचं. चांगल्या ठिकाणांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. खाट रिकामी झाल्याचा फोन आला की 24 तासांत उत्तर द्यायचं. नाही म्हटलं तर साधारणपणे सगळ्याच याद्यांतून नाव निघतं आणि परिस्थिती बदलली नसेल, तर 12 आठवडे पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून जिथे पाठवायला मन धजणार नाही, ते नाव यादीत घालूच नका.

काहीच ठरवलं नाही आणि आई पडून हॉस्पिटलात गेली, तर 2022 च्या कायद्याशी गाठ असते. हॉस्पिटलची गरज संपली असं डॉक्टरांनी ठरवलं की दक्षिण ओंटारियोत 70 किलोमीटरपर्यंतचं होम तुमच्या संमतीशिवाय निवडलं जाऊ शकतं. तिथे जायला नकार देऊन हॉस्पिटलात राहिलं, तर दिवसाला 400 डॉलर. अन्यायच आहे हा, पण कायदा आहे.

आता निवडायचं कसं? शुश्रूषेचा खर्च सरकार उचलतं. राहण्या-जेवणाचे दर सरकारच ठरवतं. साध्या खोलीला महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास, आणि ऐपत नसेल तर त्यात सवलत मिळते. खाजगी असो वा नगरपालिकेचं, दर तोच; त्यामुळे 'महाग ते चांगलं' हा हिशेब इथे लागू नाही. दर्शनी भागातला पियानो बघू नका. रविवारी, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जा. मदतीची घंटा वाजल्यावर किती वेळाने कुणी येतं ते बघा. भरवणारी बाई शेजारी बसून भरवते की उभ्याउभ्या? रोज तेच पीएसडब्ल्यू (अंघोळ, जेवण यांत मदत करणारे सेवक) असतात की एजन्सीतून नवे येतात? रात्री मजल्यावर किती जण? प्रांताच्या लाँग-टर्म केअर मंत्रालयाचे तपासणी अहवाल इंटरनेटवर मोफत वाचता येतात. एखादी चूक कुठेही सापडते, तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली तर ते नाव सोडा.

2020 मध्ये कोविडच्या काळात इथल्या काही होम्समध्ये सैन्य बोलवावं लागलं. झुरळं, शिळं-नासकं अन्न, मदतीसाठी ओरडत राहिलेली म्हातारी माणसं, हे सगळं सैन्याच्या अहवालात आहे. त्यानंतर या होम्ससाठी नवा कायदा आला आणि माणशी रोज चार तास थेट शुश्रूषेचं उद्दिष्ट ठरलं. पण चार तास ही सरासरी आहे, आपल्या आईच्या वाट्याला किती येतात ते आपणच विचारायचं. मी नफ्यासाठी न चालणाऱ्या किंवा नगरपालिकेच्या होमला आधी पसंती देईन.

निवडताना भाषेचाही विचार करावा लागतो, कारण स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. माझ्या सासूबाई इंग्रजी विसरत चालल्या आहेत. चिनी समाजाने 1994 मध्ये स्कारबरोत 'यी हाँग' हे होम उभं केलं. मराठीसाठी तसं काही मला इथे सापडलेलं नाही. म्हणून मराठी नाही तर निदान हिंदी समजणारं कुणी पाळीत आहे का, वरण-भात मिळेल का, हे आम्ही विचारत गेलो. सासूबाईंना सोबत नेलं. बाग, टीव्हीची खोली याकडे त्यांनी पाहिलंही नाही. 'मला अंघोळ बाईच घालेल ना?' एवढंच त्यांनी विचारलं. हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नव्हता.

माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तर या अर्जासाठी त्याचीच संमती लागते. सुपर व्हिसावर पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना मात्र ही सोय नाही. त्यासाठी प्रांताचं आरोग्यकार्ड लागतं. बाकी सर्वांना माझी विनंती आहे: आई-वडील नीट उत्तर देऊ शकतात तोवर त्यांना विचारा, त्यांच्याबरोबर दोन-चार ठिकाणं बघून या आणि वर सांगितलेल्या सरकारी संस्थेच्या समन्वयकांना लवकर फोन करा.