वहिवाट

आमच्या घराण्याला वारशाने दोन हक्क मिळाले होते. पहिला मौजे तळोजे येथील भातखाचरांचा. त्याचे सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव सरकारी दफ्तरात तलाठ्याच्या वळणदार अक्षरांत बंदिस्त होते. दुसरा चैत्र शुद्ध सप्तमीस कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईच्या पालखीपुढे जाऊन उभे राहण्याचा. त्याचा कागद कोणी केला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

एकवीरा ही आम्हां आगरी-कोळ्यांची कुलस्वामिनी, तशी अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांचीही. परशुरामाची माता रेणुका तीच ही, अशी श्रद्धा आहे. पनवेल तालुका जेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे त्या काळी, आंब्याला कैऱ्या धरल्या आणि शेतीची कामे थंडावली की आमच्या घरात यात्रेची लगबग सुरू होई. माझे आजोबा तरुणपणी पायी जात. १८३० साली गव्हर्नर माल्कम याने वाहतुकीस खुला केलेल्या बोरघाटाच्या रस्त्याने, खोपोलीवरून, खंडाळ्याकडे. माझ्या वाट्यास एस.टी.ची मोटार आली. परंतु घाटात शिंगरोबाच्या देवळाशी ती आली की वाट दाखविणाऱ्या त्या धनगराला पैसा वाहण्याचा आणि तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी सोडण्याचा शिरस्ता मोटारीतही पायी यात्रेसारखाच पाळला जाई.

यात्रेचा क्रम ठरलेला. षष्ठीला डोंगराच्या पायथ्याकडील देवघर गावात, जे देवीचे माहेर मानले जाते, तिचा भाऊ काळभैरवनाथ याचा उत्सव. सप्तमीला गडावर देवीची पालखी. आणि अष्टमीच्या पहाटे तेलवण. लग्नघरी रात्रभर जागलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर जो शीण आणि जी तृप्ती एकत्र दिसते तीच त्या पहाटे वेहेरगावच्या पायऱ्या उतरणाऱ्या सहस्रावधी स्त्रीपुरुषांच्या मुद्रेवर दिसे. पालखीच्या सायंकाळी गुलालाने, ढोलाच्या नादाने आणि ‘आई माउलीचा उदो उदो’ या गजराने डोंगराचा तो अरुंद कट्टा असा कोंदून जाई, की वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या मला देवीपेक्षा माणसेच अधिक दिसली. आणि तेही दर्शनच होते, असे आज वाटते.

देवीच्या मंदिरालगतच बौद्ध चैत्यगृह आहे. लहानपणी ते आमच्या लेखी उन्हात टेकायची गार जागा होती. पुढे महाविद्यालयात इतिहास शिकू लागलो तेव्हा कळले, की भारतातील कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे, छतालगतच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे जुन्या, आणि भिंतींवरील ब्राह्मी लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीपासून धेनुकाकटच्या यवनांपर्यंत दात्यांची नावे नोंदलेली. त्यांतला एक लेख मला विशेष खिळवून ठेवी. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने येथील, म्हणजे वलूरकच्या, भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचे त्यात म्हटले आहे. आणि पुढे सातवाहनांनी मावळच्या अमात्यास आज्ञा करून त्या दानाची नव्याने सनद दिली, तीही तेथेच कोरलेली आहे. दगडावर कोरलेल्या, दोन राजवटींनी मान्य केलेल्या हक्काहून बळकट दस्तऐवज तो कोणता असणार? तरीही भिक्षू गेले, गावाचा वसूल थांबला, आणि त्याच अंगणात ज्यांच्याजवळ चिठोरेही नाही ती माणसे वर्षानुवर्षे येत राहिली.

या विचाराची धार मला पुढे घरातच जाणवली. तळोजे परिसरात औद्योगिक वसाहत आली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि संपादनाच्या नोटिसा गावोगाव फिरल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानच्या परिसरात शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरी पडले. आमची खाचरे मोबदल्याच्या रकमेत रूपांतरित झाली. जो हक्क अक्षरांत पक्का होता तो अक्षरांनीच काढून घेतला. कारण कागदाला धनी ठाऊक असतो, आणि धनी सापडला की नोटीस बजावता येते. खाचरे गेली त्या वर्षीच्या चैत्रात आम्ही गडावर गेलो तेव्हा त्या दुसऱ्या हक्कावर मात्र कोणाची हरकत नव्हती.

याचा अर्थ रूढी जमिनीहून श्रेष्ठ, असा मी काढीत नाही. वहिवाटीने चूल पेटत नाही. खाचरांनी पिढ्यान्‌पिढ्या पेटविली. शिवाय रूढीही अविकारी नसते. यात्राकाळात गडावर पशुहत्येस बंदीचे हुकूम निघू लागले, पिढीजात बोकडाच्या मानाऐवजी नारळावर भागविणारी घरे वाढली, आणि ढोलाच्या जागी कर्णकर्कश यंत्रे आली तेव्हा मी मनातून खट्टू झालो. तळोजे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे, आणि २०२३ पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो धावते. अशा वस्तीतल्या मुलाला षष्ठी-सप्तमी दिनदर्शिकेत पाहावी लागते, यात त्याचा दोष नाही.

कायद्याच्या दृष्टीने वहिवाटीचा हक्क अखंड उपभोगाने सिद्ध होतो आणि दीर्घ खंड पडल्यास लयास जातो. देवीच्या अंगणातील हक्काचीही हीच शर्त आहे, आणि तिच्यातच त्याचे बळ व त्याची दुर्बलता दोन्ही सामावलेली आहेत: तो कोणास हिरावून घेता येत नाही, तसा कोणास बहाल करूनही ठेवता येत नाही. उरलेल्या भूखंडाचे मृत्युपत्र मी रीतसर केले आहे. सप्तमीच्या ऐन दिवसांत नातवाची परीक्षा असते. ती संपल्यावर, एखाद्या वर्षी, तो आपल्या पायांनी गड चढला तर हा दुसरा हक्क त्याचा होईल. माझ्या सहीने तो होण्याजोगा नाही.