दोन इंची वाजंत्री

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एका पलटणीचे वाजंत्री उभे केले; उंची अवघी दोन इंच! १८०९ साली स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजेशी झुंजलेल्या इंग्रजांच्या २८व्या पायदळ पलटणीचे हे ढोलवादक. कथिल-शिशाच्या या ओतीव मूर्ती एका स्नेह्याने दिलेल्या. ढोल निराळे, हात निराळे. साच्याच्या सांध्याची रेघ कानशीने घासावी, मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवावी, सांधे चिकटवावे, मग अस्तराचा हात द्यावा; आणि जेवणापूर्वी आपलेही हात स्वच्छ धुवावे, कारण शिसे विषारी.

इतके सोपस्कार करून आम्ही सर्वांस शिपायांसारखे लाल डगले चढविले, आणि फसलो. इतिहास शिकविणाऱ्याने तरी आधी वाचावयास नको काय? १७६८च्या राजाज्ञेप्रमाणे ढोलवादकाचा डगला पलटणीच्या गळपट्टीच्या रंगाचा असे. या पलटणीचा तो पिवळा. रणधुमाळीत हुकूम ढोलावरून कळत. तेव्हा वाजविणारा चटकन दिसावयास हवा. लालावर पिवळा बसेना. मध्ये पांढऱ्याचा हात द्यावा लागला.

शेवटी एक मूर्ती उरली. इतरांच्या खांद्याला लागणारी, आमच्या आठवीतील मुलांच्या वयाची. अशी पोरे त्या सैन्यात खरोखरच होती. आणि अपराधी शिपायास चाबकाचे फटके मारण्याचे कामही ढोलवादकांकडेच असे. सैन्यातील ती शिक्षा १८८१ साली उठली. त्या पोराचे ओठ हसरे रंगवावेत की मिटलेले, हे आम्हांस दोन रात्री ठरविता आले नाही. अखेर मिटलेलेच ठेवले.