खुर्जी ते डिकी: चेतकच्या पत्र्यावरील चार भोके

१/ ओझे हा इतिहासातील दुर्लक्षित विषय आहे. लढाया आणि तह आपण पाठ करतो. परंतु स्वार आपला शिधा कोठे ठेवत असे, हे क्वचितच विचारतो. आजचा धागा एका पत्र्याच्या पेटीविषयी आणि थोडा आमच्या घराविषयी आहे.

२/ घोड्याच्या पाठीवर टाकायची दुहेरी पिशवी म्हणजे खुर्जी. तिचा भार दोन्ही अंगांना सारखा असावा लागे, अन्यथा खोगीर सरकत असे. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा या वाटांवर अशाच खुर्ज्या हिंदकळल्या असतील.

३/ आता १९४६ मधील इटली. कोरादिनो दास्कानियो या विमानशास्त्राच्या अभियंत्याने व्हेस्पा घडवली. तिला वेगळा सांगाडा नव्हता. दाबून घडवलेला पत्रा हाच सांगाडा. इंजिन उजव्या कुशीत होते. तिच्याच वंशातील बजाज चेतक १९७२ मध्ये आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. इंजिन उजवीकडे, डिकी डावीकडे: एका परीने खुर्जीच!

४/ माझे वडील शिलेदार होते. नव्वदच्या दशकात त्यांचा डोंबिवलीतील कारखाना बंद पडला आणि हाती उरली ती स्वतःची चेतक. वह्या आणि खतावण्या कल्याणच्या दुकानांत पोहोचवण्याचे काम त्यांनी धरले. डिकी अपुरी पडू लागली. एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची पेटी करून घेऊन, मागच्या पत्र्याला चार भोके पाडून त्यांनी ती बोल्टने आवळली.

५/ पहिल्याच खेपेला पत्री पुलाच्या चढावर हँडल थरथरले आणि गाडी आडवी झाली. वह्या चिखलात पडल्या. कारण साधे होते. पेटीचा भार मागच्या चाकाच्याही मागे पडला, की तो तरफेसारखे काम करतो आणि पुढचे चाक हलके होते. दुसऱ्या दिवसापासून जड खतावण्या डाव्या डिकीत आणि पायांपाशी, हलक्या वह्या पेटीत. त्यानंतर ते पडले नाहीत. माझे शिक्षण त्या पेटीवर झाले.

६/ वडील आता नाहीत. तो पत्री पूलही २०१८ मध्ये पाडला गेला. गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. किंमत चांगली देत होता. अट एकच: पेटी काढून, भोके बुजवून गाडी ‘मूळ रूपात’ हवी.

७/ गडावरील जुन्या चिऱ्यांवर सिमेंट थापलेले पाहिले की मी संतापतो. पायरीची झीज, भिंतीतली डागडुजी, नंतर फोडलेली खिडकी हे सारे पुरावेच असतात, असे याच धाग्यांत मी तुम्हाला वारंवार सांगितले आहे. मग कारखान्यातून बाहेर पडली तीच गाडी मूळ, आणि आम्हाला जगवले ती बिघडलेली, असे कसे म्हणावे?

८/ तरीही पैशांची गरज होती. मी पाना घेऊन खाली गेलो, तेव्हा आई म्हणाली, “पेटी वर आण. गाडी देऊन टाक, पण भोकं बुजवू नकोस म्हणावं.”

९/ शौकिनाने थोडी किंमत कमी केली आणि गाडी नेली. भोके तशीच आहेत. पेटी आमच्या गॅलरीत आहे. आई तीत कांदे ठेवते.