आदिलाबादच्या घरातला नाताळ

हैदराबादहून आदिलाबाद साधारण तीनशे किलोमीटर. महामार्ग ४४ ने मेडचल, कामारेड्डी, आर्मूर करत गेलं की सोनजवळ गोदावरीचा पूल लागतो, मग निर्मल, घाट आणि सागाचं जंगल. ऑफिसमधला माझा एक मित्र तिथला. सहा वर्षं आम्ही शेजारी बसतो. त्याचं मराठी ऐकून मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "वऱ्हाडातला का रे तू?" तो म्हणाला, "नाही, आदिलाबादचा. आणि ख्रिश्चन आहे." दुसरं मी विचारलेलं नव्हतं. पुढे कळलं की लोक आधी भाषेवरून काहीतरी धरून चालतात आणि नंतर घरी आल्यावर भिंतीवरचा क्रूस बघून गडबडतात, म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

गेल्या डिसेंबरात नाताळच्या आधीच्या शनिवारी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. पहाटे साडेचारला निघालो ते दहाच्या सुमारास पोचलो. निर्मलच्या पुढे गाडीची काच खाली केली आणि लगेच वर घेतली. तेलंगणात थंडी म्हणजे काय ते बघायचं तर आदिलाबादला जावं, डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो. गावात शिरताना कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग आणि रस्त्याच्या कडेला झुडपांना अडकलेले कापसाचे पुंजके. ते बघून मला क्षणभर यवतमाळला आल्यासारखं वाटलं. ते तसं लांबही नाही. अर्ध्या तासावर पैनगंगा, आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा.

आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगतो. १९५६ साली भाषेवरून राज्यं पाडली तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेला आंध्रात राहिला. पण रेघ मारली म्हणून घरातली बोली बदलत नाही. बेला, जैनथ, तामसी या बाजूला आजही दुकानात, शेतात, भांडणात मराठीच ऐकू येते. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आता जो 'आदिलाबाद जिल्हा' उरला आहे तो नेमका हा मराठी काठ धरून आहे.

घर जुनं, बैठं. दारासमोर रांगोळी होती, ताऱ्याची. छपरावर बांबूच्या काड्यांचा कागदी तारा, आत बल्ब सोडलेला. मावशी (मित्राची आई) ओट्याजवळ खाली बसून करंज्या भरत होत्या आणि वहिनी जमिनीवर पांढरं सुती कापड पसरून त्यावर सकिनालु वळत होत्या. भिजवून दळलेल्या तांदळाचं ओलसर पीठ, त्यात तीळ आणि ओवा, आणि ते चिमटीतून पीळ देत कापडावर गोल गोल सोडत जायचं. साचा नाही, सोऱ्या नाही. मी करून बघितलं. पहिलं वेढं पूर्ण व्हायच्या आत तीन ठिकाणी तुटलं. मित्राची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "अंकल, तुम्ही तळायला बसा."

मावशी मूळच्या जालन्याकडच्या. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनचं काम तिथे उभं केलं, जालन्याजवळ बेथेल नावाची वस्तीही वसवली. मावशींचं माहेर त्याच मुलखातलं, चार पिढ्या ख्रिस्ती आणि चार पिढ्या मराठी. त्यांचे यजमान रेल्वेत होते. मुदखेड-आदिलाबाद लाइन मीटरगेज होती तेव्हा बदली होऊन इकडे आले आणि इथेच राहिले. वहिनी करीमनगरच्या, तेलुगू. त्यामुळे चुलीवर (म्हणजे गॅसवर) दोन राज्यं नांदतात. मावशींच्या तोंडी 'करंजी', वहिनींच्या तोंडी 'गरिजलु'. अंबाडीच्या भाजीला एक जण अंबाडी म्हणते, दुसरी पुंटिकूरा, आणि करताना एक ज्वारीच्या कण्या घालते, दुसरी लाल मिरचीचा ठेचा. लग्नानंतर पहिली दोन वर्षं सासू मराठीत बोलायची आणि सून तेलुगूत उत्तर द्यायची. "भांडण तर जमायचंच नाही," मावशी म्हणाल्या. "तिला कळायच्या आत माझा राग जायचा."

स्वयंपाकघरात मला एक गोष्ट विशेष वाटली. तांदळाच्या डब्याशेजारी एक छोटा पत्र्याचा डबा. दोन्ही वेळा भातासाठी तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ वहिनी त्या डब्यात टाकत. महिनाअखेर तो डबा चर्चमध्ये जातो, तिथून ज्यांच्या घरी कमावणारं कोणी नाही त्यांच्याकडे. मी इंजिनिअरच्या डोक्याने लगेच विचारलं, त्यापेक्षा महिन्याला दोन किलो एकदम दिलेले सोपे नाहीत का? वहिनी हसल्या. मावशी म्हणाल्या, "ते दुकानातून येतील. हे आपल्या ताटातून जातात." सुट्टीला मुलं आली की मूठ कोणी टाकायची यावरून त्यांचं भांडण होतं म्हणे.

दुपारी जेवायला बसणार इतक्यात आईचा फोन. पोचलास का, थंडी आहे का, आणि मग जरा थांबून, "जेवण तिथेच का रे?" मी "हो" म्हटलं. ती म्हणाली, "बरं." या 'बरं'चा अर्थ आपल्या घरांतून वाढलेल्या कुणालाही सांगावा लागणार नाही. आई काही कर्मठ नाही, माझ्या मुस्लिम मित्रांच्या लग्नाला आलेली आहे. पण लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं वेगळं आणि कोणाच्या चुलीजवळ बसून जेवणं वेगळं. मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आठवलं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या तरी सोवळं-ओवळं सुटायला आणखी वेळ गेला. तो प्रवास त्यांनी किती हसत सांगितलाय! एका माणसाला पाच वर्षांत जे जमलं त्यातलं एक 'बरं' सव्वाशे वर्षांनी आमच्या फोनमध्ये शिल्लक होतं. फोन खिशात टाकताना मी मित्राकडे बघितलं नाही. त्याने ऐकलं असणार. ताटात वरण, भात, अंबाडी, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. सगळे एक मिनिट डोळे मिटून बसले, मावशींनी दोन वाक्यांत अन्नासाठी आभार मानले, स्वयंपाक करणाऱ्या हातांसाठीही मानले, आणि जेवण सुरू.

संध्याकाळी आठला टीव्ही बंद झाला. रोज होतो म्हणे, मालिका कितीही रंगात आलेली असो. सतरंजी पसरली, सगळे खाली बसले. आधी गाणं. मावशींच्या मांडीवर 'उपासना संगीत' होतं, सुटी झालेली पानं चिकटपट्टीने जोडलेली. वहिनींच्या हातात शंभर पानी वही. गाणं मराठी, टिळकांचं. आपण शाळेत 'केवढे हे क्रौर्य!' शिकलो त्याच टिळकांचं. वहिनींचा सूर मावशींपेक्षा पक्का होता, शब्दही जवळजवळ स्वच्छ. मी सहज वहीत डोकावलो तर अक्षरं तेलुगू. पानंच्या पानं मराठी गीतं, तेलुगू लिपीत लिहिलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या संध्याकाळी गप्प बसायच्या, ते त्यांना खटकलं. मग रोज दुपारी सासूने म्हणायचं आणि सुनेने ऐकून आपल्या लिपीत उतरवायचं, असं करत वही भरली. 'ळ' ची अडचण आली नाही, तेलुगूत तो आहेच. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानावर सोडलेलं. मी हैदराबादेत वाढल्यामुळे तेलुगू वाचू शकतो, तिथेच बसून दोन ओळी वाचल्या आणि अंगावर काटा आला. मराठी मजकूर मी या वेषात कधी पाहिलाच नव्हता.

त्यानंतर वाचन. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, आळीपाळीने. मुलीने इंग्रजीत वाचलं, मोबाइलवरून. वहिनींनी तेलुगूत. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अजून पाणी येत होतं, म्हणून त्यांनी आपलं मराठी पवित्र शास्त्र मित्राकडे न देता माझ्याकडे सरकवलं. मित्र म्हणाला, "तूच वाच, मला जोडाक्षरं अडतात." तो इंग्रजी माध्यमात शिकला, दुसरी भाषा तेलुगू. मराठी तो फक्त बोलतो. मी वाचलं. दोन ठिकाणी अडखळलो, मावशींनी न बघता दुरुस्त केलं.

वाचून झाल्यावर मी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे शाईने कुटुंबाची नोंद होती. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, तारखांसह. सुरुवातीची अक्षरं मावशींच्या सासऱ्यांची, वळणदार, मोडीची सवय असलेल्या हाताची. मग मावशींच्या यजमानांची. मग मावशींची. नातीचा जन्म शेवटी, अक्षर जरा थरथरतं. तिच्या धाकट्या भावाची नोंद नव्हती. तो तर दोन वर्षांचा झाला, पलीकडे उशीला टेकून झोपला होता. मावशी म्हणाल्या, "माझा हात चालत नाही आता. हा म्हणतो इंग्रजीत लिहितो. या पानावर इंग्रजी कशाला?" मग माझ्याकडे बघून, "तू लिहून दे."

मला पेन दिलं. आता खरं सांगतो, मी शेवटचं मराठी हाताने कधी लिहिलं ते मला आठवत नाही. फोनवर टाइप करतो, तोही 'aahe' असं मारलं की 'आहे' येतं त्या कीबोर्डवर. कागदावर चार ओळी लिहायला मला पाच मिनिटं लागली. आधी वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत लिहून बघितलं. बाळाच्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी यावर मित्र आणि मी दोन बी.ई. झालेली माणसं अडलो आणि मावशींनी बोट हवेत फिरवून दाखवली. दुसरी. लिहून झाल्यावर त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "अक्षर डॉक्टरचं आहे," म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्याकडे संध्याकाळी काय म्हणतात?"

"शुभंकरोती."

"मुलगी म्हणते?"

मी म्हटलं, "यूट्यूबवर लावतो आम्ही." त्या काही बोलल्या नाहीत. सतरंजी झटकायला उठल्या.

रविवारी सकाळी चर्च. चपला बाहेर, आत सतरंज्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. भेटल्यावर "वंदनालु". सगळं तेलुगूत. मावशी पन्नास वर्षं इथे मराठी पुस्तक घेऊन बसतात. पास्टरांनी "मत्तयि" म्हटलं की त्या मत्तय काढतात, "योहानु" म्हटलं की योहान, "कीर्तनलु" म्हटलं की स्तोत्रसंहिता. आकडे तेच. गंमत म्हणजे पैनगंगा ही चर्चचीही हद्द आहे. दक्षिणेतल्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या १९४७ साली एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, उत्तरेतल्यांचं १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. महाराष्ट्र त्या हिशेबात उत्तरेत, त्यामुळे मावशींचं माहेर उत्तरेत आणि सासर दक्षिणेत. कॅथलिकांचं उलट झालं. १९९९ साली आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत होईपर्यंत इथला सायरो-मलबार कारभार चांदा धर्मप्रांतातूनच चालायचा, म्हणजे महाराष्ट्रातून. मित्राला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो उपासनेनंतर मटण आणायला जायच्या घाईत होता.

दुपारी निघालो. वहिनींनी एका स्टीलच्या डब्यात करंज्या आणि वर कागद ठेवून सकिनालु भरून दिले. वाटेत मित्र बराच वेळ गप्प होता. निर्मलचा घाट उतरल्यावर म्हणाला, "मुलाला मराठी लिहायला कुठे शिकवतात रे हैदराबादला?" मी आपल्या मंडळाच्या रविवारच्या वर्गाचं सांगितलं. माझी मुलगी तिथे जात नाही हे नाही सांगितलं. जानेवारीपासून दोन्ही मुली जातात. त्याची आजीकडून सुट्टीपुरती येते तेव्हा, माझी दर रविवारी, बरीच कुरकुर करत.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. डबा टेबलावर ठेवला. आई दोनदा स्वयंपाकघरात गेली, दोनदा बाहेर आली. मग झाकण उघडून तिने एक करंजी उचलली, कडेची मुरड नीट निरखली. "सुकं खोबरं घालतात वाटतं. मोहन जरा जास्त झालंय," म्हणाली, आणि अर्धी खाऊन उरलेली अर्धी माझ्या मुलीला दिली.

डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आमच्याकडची पद्धत. तो धुऊन महिनाभर ओट्यावर पालथा पडून होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाच्या वड्या पाडता पाडता आईने मला हाक मारली. डबा तिच्या समोर होता, अर्धा भरलेला.

"त्यांच्याकडे तिळगूळ चालतो का रे? आपला घेतील ना ते?"

मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "आई आत्ताच विचारत होती, यंदा वड्या कुठून येणार म्हणून."