गारांचा हप्ता

डॅलसच्या उत्तरेला आमचं फ्रिस्को. गाव म्हणायची आपली सवय, पण 2000 च्या जनगणनेत 33,714 वस्ती होती आणि 2020 मध्ये 2,00,509! आम्ही आलो तेव्हा घरामागे शेत होतं. आता तिथे सिग्नल आहे आणि त्या सिग्नलला सारखं कोणीतरी कोणाला तरी मागून ठोकतं.

या वाढीचं बिल गाडीच्या विम्यात येतं. वर्षभरात एकही क्लेम नाही, पोलिसांची पावती नाही, गाडी वर्षाने म्हातारी झालेली... तरी हप्ता वर! एजंटचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमचं काही चुकलेलं नाही, तुमच्या झिपकोडचं चुकलंय. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि त्या भागातून किती क्लेम, किती रकमेचे येतात, हे कंपनी बघते. नवी वस्ती म्हणजे खणलेले रस्ते, नवखे चालक आणि महागड्या गाड्या. आता बंपरमध्येसुद्धा सेन्सर असतात, त्यामुळे साधा धक्काही स्वस्तात सुटत नाही.

वर गारा! 11 एप्रिल 2016 ला आमच्याच कॉलिन काउंटीतल्या वायलीत चेंडूएवढ्या गारा पडल्या होत्या. माझी गाडी गॅरेजमध्ये झोपते, तरी उघड्यावरच्या गाड्यांना पडलेल्या पोच्यांची वर्गणी मीही भरतो. आधी याचा राग यायचा. पण मग विमा म्हणजे दुसरं काय असतं?

पुण्यात भावाला हे सांगितलं तर तो हसला. तिकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला जून 2022 पासून 3,416 रुपये ठरला, मग गाडी पुण्यात असो की गडचिरोलीत. गावानुसार फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात.

खरी काळजी वाटली ती पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलाची. राहतो अपार्टमेंटमध्ये, गाडी उघड्यावर. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलीय, पण ती वर्षं इथे सहसा कोणी धरत नाही. (पुण्यात चालवणाऱ्याला खरं तर सूट द्यायला हवी!) गाडी कर्जावर, म्हणून गारांचा विमा काढून टाकता येत नाही. मग पैसे वाचवायला तो लायबिलिटी टेक्सासच्या किमान मर्यादेवर आणायला निघाला होता. त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला 25,000 डॉलर मिळतात. त्याला म्हटलं, बाबा रे, आपल्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एकदा फिरून ये आणि त्याहून स्वस्त गाड्या मोजून सांग. वरचा खर्च तुझ्या खिशातून जाणार. त्यापेक्षा डिडक्टिबल वाढव. आणि विमा नसलेल्याने ठोकलं तर मिळणारं संरक्षण नको असेल, तर तसं लेखी द्यावं लागतं. ती सही करू नकोस.

ऐकलं त्याने. आता वसंतात आकाश हिरवट-काळं दिसायला लागलं की तो गाडी आमच्याकडे आणून लावतो. त्यापायी गॅरेजच्या दुसऱ्या बाजूची खोकी एकदाची हलली. बायको खूश आहे.