शिडाचे माप

जून महिना उजाडला की माझ्या कार्यालयाच्या दाराशी पालकांची रांग लागते. त्यांतले दोन-चार जण हमखास एकच मागणी घेऊन येतात. "सर, जन्मतारीख जरा मागेपुढे करता येईल का?" कुणाला मुलाला वर्षभर आधी वर्गात बसवायचे असते, तर कुणाला स्पर्धेसाठी त्याला लहान दाखवायचे असते. मग मी चष्मा काढून टेबलावर ठेवतो आणि सत्य, संस्कार, मुलांपुढचा आदर्श असे माझे ठरलेले भाषण करतो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत पंधरा वर्षे काढल्यावर ते पाठच झाले आहे. अलीकडे मात्र ते म्हणताना आवाज पूर्वीसारखा चढत नाही. त्याचे कारण माझ्या धाकट्या मुलीच्या होडीचे एक शीड आहे.

आमच्या घराण्यात समुद्राशी कुणाचा संबंध आला तो मासे खाण्यापुरताच. मी भूगोल शिकवतो. खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती मी फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल. पण दुपारी एकच्या सुमारास खारा वारा खरोखर कसा उठतो, हे मी पहिल्यांदा पाहिले ते दोनापावलाच्या किनाऱ्यावर, मुलीला शिडाची होडी शिकायला घेऊन जाऊ लागल्यावर. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि पाण्यावर हिंदी-इंग्रजी अशा चार भाषांत ती सहज पोहू लागली. मी काठावर वर्तमानपत्र घेऊन बसायचो.

तिची होडी एका माणसाने चालवायची. पूर्वी तिला लेझर म्हणत, २०१९ पासून इल्का म्हणतात. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये तिचा पहिला आराखडा काढला. लांबी जेमतेम सव्वाचार मीटर आणि नुसत्या सांगाड्याचे वजन साठ किलोच्या आत. या होडीची गंमत अशी की सांगाडा एकच, पण शिडे तीन. सर्वांत लहान शीड ४.७ चौरस मीटरचे, मधले ५.७६ चे आणि मोठे ७.०६ चे. डोलकाठी दोन तुकड्यांची असते. वरचा तुकडा तोच ठेवायचा आणि खालचा बदलून शीड बदलायचे. पिशवीत हात घालावा तशी डोलकाठी शिडाच्या शिवलेल्या बाहीत घालतात. त्यामुळे वारा वाढला म्हणून भर पाण्यात शीड थोडे उतरवून लहान करण्याची सोय नाही. काठावर जे शीड चढवले, त्याच्याशीच परत येईपर्यंत निभवायचे.

म्हणून शीड निवडताना खलाशाचे वजन पाहतात. लहान शिडाला साधारण ३५ ते ५५ किलो, मधल्याला ५५ ते ७२. वारा होडीला आडवी पाडू पाहतो, तेव्हा पट्ट्यात पाय अडकवून शरीर बाहेर झोकायचे आणि होडी सपाट ठेवायची. तिथे यंत्र नाही, की दुसरा माणूस नाही. शरीर हेच वजन.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची, नववीत होती. वजन ४७ किलो. पण युवा गटाच्या जागतिक स्पर्धा मधल्या शिडावर होतात, हे मी कुठेतरी वाचले होते. २०२१ मध्ये टोकियोला नेत्रा कुमानन याच वर्गात उतरली होती, आणि शिडाच्या होडीतून ऑलिंपिक गाठणारी ती पहिली भारतीय महिला होती. ते वाचल्यापासून मला रात्री झोप येईना. मुलीपेक्षा तिच्या दोन मैत्रिणी आधी मधल्या शिडावर गेल्या, हेही कारण होतेच. ते लपवण्यात अर्थ नाही.

तिचे प्रशिक्षक नौदलातून निवृत्त झालेले. मी विषय काढला तेव्हा ते हसले. "जल्दी किसको है सर, बच्ची को या आपको?" तरीही ते म्हणाले, बावन्नच्या आसपास असेल तर हलक्या वाऱ्यात चढवून पाहू. तिथला वजनकाटा बिघडलेला होता. "घर पे तौल के बता दीजिए. आप तो हेडमास्टर हैं, आपकी बात पक्की."

दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितले, बावन्न. मुलगी शेजारीच दप्तर भरत होती. तिने मान वर करून पाहिले आणि पुन्हा दप्तरात घातली.

२०२३ च्या फेब्रुवारीतला तो शनिवार. सकाळचा वारा मंद होता. नवे शीड चढवून ती निघाली आणि पाहता पाहता सर्वांच्या पुढे गेली. हलक्या वाऱ्यात जास्तीचे कापड कामाला येते. मी इतका फुशारलो की घरी जाताना मिठाई घेतली.

रविवारी दुपारी मात्र जुवारीच्या मुखावर पाण्याचा रंग बदलला. माझ्या शेजारी एक म्हातारा रापणकार जाळे दुरुस्त करीत बसला होता. तो मान न उचलताच म्हणाला, "वारें वाडलां, मास्तर." वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, एवढे गणित मलाही येते. मोठ्या शिडाने होडी कलंडू लागली. कललेली होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवते. ते रोखायला सुकाणू ओढून धरावे लागते आणि ओढून धरलेले सुकाणू पाण्यात लगामासारखे काम करते. म्हणजे शीड मोठे आणि वेग कमी. लहान शिडाची मुले तिच्या बाजूने सरळ निघून गेली.

ती दोनदा उलटली. दोन्ही वेळा मधल्या फळीवर उभे राहून तिने होडी सरळ केली. तिसऱ्या वेळी होडी पार पालथी झाली, डोलकाठी खाली गेली, आणि मला तिचे डोके दिसेना. किती सेकंद गेले असतील? दहा? पंधरा? होडीच्या पलीकडे तिचे नारिंगी जाकीट वर आले तोवर मी बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभा होतो.

मदतीच्या बोटीने तिला आणले. तळव्यांची कातडी सोलली होती, ओठ निळे पडले होते. प्रशिक्षकांनी तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला आणि विचारले, "तेरा वज़न कितना है बेटा?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग खाली पाहत म्हणाली, "बावन, सर."

आयुष्यात मी अनेक मुलांना खोटे बोलताना पकडले आहे. माझ्यासाठी खोटे बोलणारे मूल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "सत्तेचाळीस," मी म्हटले. "बावन्न मी सांगितले होते."

ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "सर, मैंने आज की हवा का हिसाब उसी वज़न से लगाया था."

स्कूटरवरून घरी येताना ती माझ्या मागे बसली होती, पण नेहमीसारखा माझ्या खांद्यावर तिचा हात नव्हता. सोमवारी शाळेत प्रार्थनेनंतर सातवीच्या मुलाने सुविचार वाचला. तो नेमका सत्यावर होता. मी टाळी वाजवली नाही.

तीन आठवडे तिने होडीचे नाव काढले नाही. मग एका शनिवारी आपणहून पिशवी भरली आणि पुन्हा लहान शिडावर गेली. मी काठावर बसलो, पण काही विचारले नाही.

२०२५ च्या जानेवारीत तिनेच मधले शीड मागितले. वजनकाटा एव्हाना दुरुस्त झाला होता. ती सर्वांसमोर त्यावर उभी राहिली. "साडेत्रेपन्न, सर." प्रशिक्षक म्हणाले, "चौवन लिख दूँ?" ती म्हणाली, "नहीं सर, साढ़े तिरपन ही." त्या दिवशी वारा वाढल्यावर ती एकदा उलटली. नंतर मात्र झोत आला की दोरी वेळेवर सैल सोडू लागली आणि बेताच्या क्रमांकाने परत आली. येताना स्कूटरवर खांद्याला हात लागला.

जूनमध्ये पालक अजूनही येतात. मी अजूनही नकारच देतो, पण चष्मा काढून भाषण करीत नाही. त्यांना बसायला सांगतो, चहा मागवतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलालाही आत बोलावतो.